एका घंटीवर

शेखरने ते वाक्य तिसऱ्यांदा पुसलं आणि तिसऱ्यांदा होतं तसंच टाइप केलं. ‘सहवैमानिकाकडून वेळेवर सूचना मिळाली नाही.’ मग लॅपटॉप अर्धवट मिटून तो खिडकीबाहेर बघत बसला. इंदिरानगरच्या त्या गल्लीत बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते, एवढंच.

आठ दिवस तो घरी होता. अण्णांना रजा म्हणून सांगितलं होतं. चौकशी संपेपर्यंत विमान चालवायचं नाही असा आदेश आलाय, हे बापाला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

ऐन उड्डाणाच्या वेळी धावपट्टी बदलली आणि विमानाच्या संगणकात जुन्याच धावपट्टीचा मार्ग राहिला. तो तपासणं शेखरचं काम होतं. वर गेल्यावर डावीकडे वळायचं होतं, विमान उजवीकडे वळू लागलं. शेजारी बसलेली वेदिका, सात महिन्यांपूर्वी लागलेली सहवैमानिक, हळूच म्हणाली होती, “सर, डावीकडे आहे ना?” शेखरने तिच्याकडे न बघता हात वर केला होता. गप्प बस, असा. मग खालून नियंत्रक ओरडला, तेव्हा दुसरं विमान फार लांब नव्हतं. थोडक्यात निभावलं. प्रवाशांना वेळेवर चहा मिळाला, कुणाला काही कळलं नाही.

कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग दोन तासांचंच राहतं, आणि विमान त्यानंतर अडीच तास उडालं होतं. तिचा तो प्रश्न आता दोघांनाच ठाऊक होता. सकाळी तिचा मेसेज आला होता. ‘सर, तुम्ही म्हणालात तसा जबाब पाठवलाय.’ खाली जोडलेले हात. ते बघून त्याला स्वतःचीच शिसारी आली होती.

दार वाजलं. सहादूकाका आले होते, चांदवडहून, कांद्याची पिशवी घेऊन. अण्णा एसटीचे ड्रायव्हर असताना काका त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते. दोघं निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अण्णा त्यांना अजून मास्तरच म्हणत. महिन्यातून एकदा मास्तरांनी यायचं आणि अण्णांनी चहा करायचा, हे ठरलेलं.

“मास्तर, पोरगं घरी हे बरं का,” अण्णा कप मांडत म्हणाले. “एवढं मोठं विमान नेतं, कधी चूक म्हणून...”

सहादूकाकांनी बोटाने टेबलावर एकदा टक् केलं. अण्णा तिथल्या तिथे थांबले. काका शेखरच्या तोंडाकडे बघत होते.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“काय नाय. चहा पी.”

शेखर हे लहानपणापासून बघत आला होता. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोघांची ती सवय घरातही सुटली नव्हती. आजवर त्याला त्याची गंमत वाटायची.

“अण्णा, तुम्ही आधी थांबता आणि मग विचारता?”

“मग? गाडी पळत असताना विचारायचं का?”

“आणि उगाच वाजवली असली तर?”

“लय वेळा उगाच वाजवली,” सहादूकाका हसले. “घाटात एकदा खिडकीतून पिशवी पडली, मला वाटलं पोरगं पडलं. भर चढाला गाडी थांबवली यानं. मागं ट्रकांची रांग, गाडीतले लोक माझ्यावर खवळले.”

“अण्णा काय म्हणाले?”

“म्हणे, नाय ना पडलं कोणी? वाजव दोन.” काकांनी चहा बशीत ओतला. “त्या दिवशी मला बोलला असता ना, तर पुढच्या टायमाला माझा हातच घंटीच्या दोरीवर गेला नसता.”

शेखरचा चहा तसाच राहिला. महिन्यापूर्वी वेदिकाने एकदा उगाच टोकलं होतं, आणि विमानाच्या जिन्याखाली सगळ्या स्टाफसमोर त्याने तिला ऐकवलं होतं. आधी शीक, मग बोल. म्हणूनच त्या उड्डाणात ती एकदाच बोलली आणि गप्प झाली.

“अण्णा, मी रजेवर नाही,” तो म्हणाला, आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. जबाबाचंही.

“त्या पोरीचं काय होईल?” अण्णांनी विचारलं.

“नोकरी जाईल. अजून कायम झालेली नाही ती.”

अण्णा काहीतरी बोलणार होते. काकांचं बोट पुन्हा टेबलावर एकदा वाजलं. अण्णा उठून कप विसळायला आत गेले. ते ओरडले असते तर शेखरला बरं वाटलं असतं.

त्याने लॅपटॉप उघडला, वाक्य पुसलं, नवं लिहिलं आणि वेदिकाला फोन लावला.

“सर, माझ्या जबाबात काही चुकलं का?” तिने घाईने विचारलं.

“माझ्या जबाबात चुकलंय. वाचतो, ऐक. ‘सहवैमानिकाने मला एकदा स्पष्ट विचारलं होतं. मी तिला हाताने गप्प केलं. तिचा जबाब मीच तसा लिहायला लावला.’ बरोबर आहे?”



“सर, एक सांगू?”

“सांग.”

“एकदा नाही, सर. तीनदा विचारलं होतं.”

शेखरची बोटं तशीच राहिली. बाकीच्या दोन वेळा त्याला ऐकूच आलं नव्हतं.