‘उद्या बोलू’मधला थांबा

“ऐकू येतंय का?”

हेडफोन त्याच्या कानांवर बसवून आवाज सांभाळणारी मुलगी समोर उभी होती. तिचे ओठ हलले, भुवया वर गेल्या. भुवया वर गेल्या म्हणजे प्रश्न, आणि कानांवर हेडफोन चढवल्यावर माणूस दुसरं काय विचारणार?

“एकदम छान,” ठोक्या म्हणाला.

साफ खोटं. डावा कान केव्हाच गेला होता, उजवा या हिवाळ्यात गेला. आधी ड्रम, मग लाँड्रीतली धडधडणारी यंत्रं. कानांनी तरी किती सोसायचं? बायको सोडून कोणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आज तीच मूठ कॅमेऱ्यांसमोर, भरल्या सभागृहात उघडी पडायची वेळ आली होती.

‘उद्या बोलू’ ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. न्हाव्याच्या दुकानात वाजतं, टॅक्सीत वाजतं, लग्नाच्या वरातीत तर वाजतंच. चार उडाणटप्पू पोरांच्या बँडने ते एका गोदामात ध्वनिमुद्रित केलं; ठोक्या त्यांचा ड्रमवाला. आणि त्या गाण्याचं सगळं नाव आहे ते मधल्या थांब्यावर. गाणं ऐन रंगात आलेलं असतं आणि सगळं एकदम गप्प होतं. आता पुढे काय, असं वाटतं न वाटतं तोच ड्रम कोसळतात आणि गाणं दुप्पट जोराने सुरू होतं. लोक वेडे झाले ते त्या थांब्यासाठी.

गायक आजवर प्रत्येक मुलाखतीत सांगत आला, की प्रियकराचा श्वास अडकतो ना, तो मी तिथे ठेवला. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, ते असं.

खरं काय झालं, तर मोठ्या ड्रमच्या पायपट्टीचा स्क्रू निघाला. ठोक्या हात थांबवून खाली वाकला. बाकीच्यांना वाटलं, याने काहीतरी नवीन काढलंय, म्हणून तेही थांबले. गायक तर आ वासून उभा. ठोक्याने टाचेने पट्टी आत ठोकली, ताठ झाला आणि घाबरून होतं नव्हतं ते बळ लावून वाजवायला लागला. टेप संपत आली होती, दुसरी आणायची ऐपत नव्हती, तेव्हा तेच ठेवलं.

तो थांबा मोजून येत नाही. चारापेक्षा जास्त, पाचापेक्षा कमी, असलं काहीतरी आहे ते. पुढे बँड फुटला, गायकाने दुसरे ड्रमवाले घेतले. ते बिचारे इमानेइतबारे मोजायचे, आणि ऐकणाऱ्याला मात्र मीठ कमी पडल्यासारखं वाटायचं. तो थांबा एकट्या ठोक्याच्या कमरेत होता: वाकायचं, ठोकायचं, ताठ व्हायचं. म्हणून तर टीव्हीवाल्यांनी गाण्याच्या इतिहासाचा कार्यक्रम करायला घेतला तेव्हा ‘ड्रमवर तेच हवेत’ म्हणून हट्ट धरला. गायकाला मनातून त्याचा नवा पोरगा बसवायचा होता.

नाही म्हणता आलं असतं. बायकोने परोपरीने सांगितलं होतं. पण लाँड्रीत इस्त्री फिरवता फिरवता ‘ते गाणं मी वाजवलंय’ असं म्हटलं की गिऱ्हाईक हसायचं आणि शर्टाची कॉलर नीट करायला सांगायचं. एकदा, शेवटचं, त्याला ते वाजवायचं होतं.

त्याने युक्ती केली होती. बँडमधला बेस गिटार वाजवणारा मामा शेजारी उभा राहतो. त्याची बोटं दिसली आणि तारांची घरघर लाकडी मंचातून तळपायात आली की झालं. कालच्या तालमीत जमलंही. पण आज दिग्दर्शकाने मामाला पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं आणि ड्रमच्या भोवती पारदर्शक पडदे लावले. पडद्यावर दिव्यांचा असा लखलखाट, की मामा म्हणजे नुसता पांढरा धब्बा.

ठोक्या हेडफोन सारखे करत होता, तेवढ्यात कोणीतरी पडदा सारून समोर आलं. मामा. तसा तो कोणाचाच मामा नव्हता. चौघांत थोरला आणि सगळ्यांना रागवायचा, म्हणून मामा.

“मागून तीन हाका मारल्या तुला,” मामा म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत बघत अगदी हळू विचारलं, “कधीपासून?”

ओठ वाचायला सोपे होते. ठोक्याने मान खाली घातली.

मामाने हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. “गाढवा, ऊठ. तब्येतीचं कारण सांगू. तो नवा पोरगा बसेल.”

“एकदाच, मामा.”

“आणि चुकलास तर? सगळं जग बघणारे.”

“चुकलो म्हणून तर गाणं झालं.”

मामाने पडदा उचलून बाजूला ठेवला, आपली गिटार आणून शेजारी ठाण मांडलं. दिग्दर्शक धावत आला, हात नाचवून दुसरं टोक दाखवू लागला. मामाने गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. मामाचे गुडघे घोड्यासारखे ठणठणीत होते.

गायक जवळ येऊन वाकला. “लाज काढू नकोस रे बाबा,” एवढं ठोक्याला स्वच्छ कळलं. ते तोंड त्याने तरुणपणी इतकं पाहिलं होतं, की कान गेले तरी काही अडलं नाही.

दिवे बदलले. मामाच्या पायाने ठेका धरला, बोटं तारांवर पडली, तळपायाला मुंग्या आल्या. ठोक्या वाजवू लागला. मामाची बोटं, गायकाचा खांदा, पुन्हा मामाची बोटं. घामाने डोळे चुरचुरत होते, पण पापणी मिटायची सोय नव्हती. एकदा नजर चुकली आणि परत आली तेव्हा मामाची बोटं पुढे गेलेली. त्याने धावत जाऊन गाडी पकडावी तसा ठेका पकडला. गायकाने मागे वळून डोळे वटारले. पहिल्या रांगेत बायको पर्स छातीशी धरून बसली होती.

मग ती जागा आली. ठोक्याने हात थांबवले.

मामाची बोटं तारांवर थिजली. गायक दोन्ही हात पसरून उभा राहिला. ठोक्या वाकला, टाच दाबली, ताठ झाला. आता. पण त्याने काठ्या वरच धरल्या. सभागृहातलं एकही डोकं हलत नव्हतं. गायकाचे हात हळूहळू खाली आले. मामाने मान वळवली, त्याचे ओठ ‘अरे’ म्हणाले. बायको अर्धवट उठली. ठोक्या सगळ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

मग त्याने काठ्या आपटल्या. मंच थरारला, मामाची बोटं धावली, आणि लोक खुर्च्यांवरून उठले ते शेवटपर्यंत बसलेच नाहीत.

संपल्यावर दिग्दर्शक पुन्हा एकदा वाजवा म्हणून मागे लागला. ठोक्याने हेडफोन काढून त्या मुलीच्या हातात दिले. “मला ऐकू येत नाही, बाळ,” तो म्हणाला. “तुझ्याशी खोटं बोललो.” गायक तिथेच उभा होता. गोदामात वासला होता तसाच त्याने आ वासला.

बाहेर अजून ऊन होतं. बायको नेहमीप्रमाणे त्याच्यासमोर येऊन, चेहरा त्याच्याकडे करून बोलू लागली.

“किती थांबलात हो. माझा जीव टांगणीला लागला. विसरलात की काय?”

“नाही,” तो म्हणाला. “तेवढंच ऐकू येत होतं ना मला, सगळ्यांइतकं. सोडवेना.”

तिने मान डोलावली. त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याच्या पुढे झाली, आणि पाठ त्याच्याकडे ठेवून भर रस्त्यात मोठ्याने रडत चालू लागली.