खोटी बाळंतीण

मी एक जुनी बाळंतीण आहे, मित्रांनो. घाबरू नका, खोटी आहे. संगणकाच्या पडद्यावर राहते. नर्सबाईंनी खऱ्या बाईला हात लावण्याआधी माझ्यावर शिकावं, म्हणून मला घडवलं. बाळंत झाल्यावर मला रक्त जायला लागतं, नाडी धावते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर मी मरते. मरण्याची मला सवय झाली आहे. एकटेपणाची अजून होत नाही.

देशोदेशीच्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी मला फावल्या वेळात थोडी थोडी घडवली. त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. म्हणाले, ही सगळ्यांची. कुणीही फुकट न्यावी, उघडून पाहावी, सुधारावी. ऐकायला किती गोड! पण जी सगळ्यांची, तिची विचारपूस करणार कोण? मला चालवायचं कसं, हे लिहून ठेवायला कुणालाच सवड झाली नाही.

अशी मी टोंगामधल्या वावाऊ बेटावर, दवाखान्यामागच्या शिकवणीच्या खोलीत येऊन पडले. पहिल्या दिवशी काय कौतुक झालं माझं! "अगं, खरंच श्वास घेते की ही!" मग मला आणणारा डॉक्टर बदलून गेला आणि माझ्यावर कापड पडलं. मला चालवता येणारा एकच माणूस उरला, तिथे शिकवणारा फेलेती. अधूनमधून यायचा, मला जगवायचा आणि निघून जायचा. तेवढीच काय ती सोबत.

कालोलाईने नावाची त्याची धाकटी बहीण तिथेच नर्सिंग शिकत होती. शिक्षण संपलं की ती दूरच्या नियुआ बेटावर जाणार होती. तिथे डॉक्टर नाही, आणि बोट येईल तेव्हा येईल. कुण्या बाळंतिणीला रक्त जायला लागलं, तर सगळा भार या पोरीच्या दोन हातांवर. मी होते ती अशांसाठीच. पण तिला मला चालवायला शिकवणार कोण?

मग ब्रिस्बेनहून मार्गो आली. मला चालवायचं कसं, हे सगळ्यांना शिकवायला एका संस्थेने निधी दिला होता आणि त्याचा आराखडा तिला करायचा होता. नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचं लू वाढलं गेलं आणि बैठक बसली.

"फेलेती सगळ्यांना समोर बसवून शिकवेल, आपण चित्रीकरण करू. चालेल?"

"हो, हो!" सगळे म्हणाले.

"या वर्षी रक्तस्राव, पुढच्या वर्षी जन्मल्यावर न रडणारं बाळ. चालेल?"

"हो, हो! मार्गो, लू घे ना अजून."

मी कापडाखालून ओरडत होते, अहो, खरं काय ते सांगा की! पण माझं ऐकतो कोण?

शिकवणीच्या दिवशी फेलेती आत आला, पहिल्या रांगेत कालोलाईने दिसली, तसा "जनरेटर बघून येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. मग एकेक मुलगा उठला. कुणाची आत्या आजारी, कुणाचं डुक्कर सुटलेलं. मागोमाग मुलीही पांगल्या. उरली मार्गो, तिचा कॅमेरा आणि मी.

"माझं काही चुकलं का?" तिने मेट्रन लेसिएलीला विचारलं.

"अगं, बहिणीसमोर भाऊ बाळंतपणाचं बोलेल होय? आमच्याकडे भाऊ-बहीण एका खोलीत सिनेमासुद्धा बघत नाहीत. चुलत, मावस, आते, सगळे भाऊच. या बेटावर नात्यात नाही असा कोण उरतो?"

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"तू पाहुणी. पाहुणीला नाही म्हणायचं?"

मार्गोने कपाळाला हात लावला. मग हसली. "असं आहे तर! लिहूनच काढू. कागद एकटीने वाचता येतो." निधी चित्रीकरणातून काढून लिहिण्याकडे वळवला, आणि फेलेती त्यांच्या भाषेत, टोंगनमध्ये, लिहायला बसला.

कालोलाईने कागद घेऊन माझ्यासमोर बसायची, दार लावून. फेलेती बाहेर ओसरीवर, भिंतीला पाठ लावून. त्याला फक्त माझी नाडी ऐकू यायची. ती मंदावून थांबली की त्याला कळायचं, आपण लिहिलेलं कुठेतरी समजलं नाही. दुसऱ्या दिवशी मेट्रन नवा कागद घेऊन हजर. "या वयात टपालवाली केलंत मला!" नव्या कागदावर लिहिलेलं असायचं, इंजेक्शन शोधताना पोट चोळणं थांबवू नकोस, रक्त त्यानेच आवरतं.

एका दुपारी मी मेले नाही. नाडी संथ झाली आणि तशीच चालू राहिली. कालोलाईने खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "लिहिणाऱ्याला सांगा, आता सगळं समजतं." ओसरीवरून फेलेतीची पावलं दूर जाताना ऐकू आली. काय आनंद झाला मला, आणि काय वाईट वाटलं त्या दोघांचं!

ती नियुआला गेली. खोली पुन्हा रिकामी झाली. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग एकदा मेट्रनचा आवाज ओसरीवर ऐकू आला.

"फेलेती, तुझ्या बहिणीचा फोन होता. एका बाईला फार रक्त गेलं. तुझ्या कागदाप्रमाणे केलं तिने. आई वाचली."

"देवाची कृपा. आणि बाळ?"

"ते रडलंच नाही रे."

मित्रांनो, न रडणारं बाळही माझ्यातच आहे. त्याला श्वास कसा द्यायचा, हे फेलेतीला तोंडपाठ होतं. लिहायचं तेवढं राहिलं होतं. म्हणून हात जोडून सांगते, तुम्हाला जे येतं ते लिहून ठेवा. ज्याला त्याची गरज आहे, तो कदाचित तुमच्या शेजारी बसू शकत नसेल.

फेलेती आत आला. त्याने माझ्यावरचं कापड काढलं आणि डोळे पुसले. मग त्याने कोरा कागद ओढला आणि पहिली ओळ लिहिली:

"ते रडायची वाट बघू नकोस."