शिंगराची शेपटी

मित्रांनो, मी गाडी ओढून म्हातारा झालेला एक घोडा आहे. मला शेपटी नाही, नुसता वीतभर खुंट आहे. मी लहान असतानाच मालकांनी ती कापून घेतली. शेपटी लगामात अडकते आणि आखूड शेपटीचा घोडा रुबाबदार दिसतो, असं त्यांचं म्हणणं. लोक थांबून माझ्याकडे बघायचे, हेही खरं. मी मान ताठ करून चालायचो.

पण उन्हाळ्यात माशा यायच्या. मी पाय आपटायचो, भिंतीला अंग घासून जखमा करून घ्यायचो. तबेल्यात माझ्या शेजारी एक राखाडी घोडी होती. तिची शेपटी पार गुडघ्यांखाली पोचायची. एक झटका दिला की माशा पसार! मालकांची सून रोज ती शेपटी विंचरायची आणि म्हणायची, "बाई गं, काय केस आहेत हिचे!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी तोंड फिरवून उभा राहायचो.

पुढे घोडीला शिंगरू झालं. मालक म्हणाले, "याचीही कापून टाकू. दोघांची जोडी शोभेल." खरं सांगतो, मला आनंद झाला. भोगू दे त्यालाही, असं वाटलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, पण आधी त्यांनी माझ्याच जखमा पाहिल्या.

"हे कशानं झालं?"

"भिंतीला घासतो. खोडच आहे त्याला," मालक म्हणाले.

"खोड कसली, बाबा?" सून पुढे आली. "माशा उडवणार कशानं तो? आपणच तर कापली ना शेपटी!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेपटी म्हणजे नुसते केस नाहीत. आत हाडं आहेत, शिरा आहेत. मी कापणार नाही."

"आणि लगामात अडकली तर?"

"मी वेणी घालून वर बांधत जाईन," सून म्हणाली.

मालकांनी माझ्या खुंटावरून हात फिरवला. असा हात त्यांनी पूर्वी कधी फिरवला नव्हता. "बरं, राहू दे," एवढंच ते बोलले.

मला मात्र रडू कोसळल्यासारखं झालं. माझ्या वेळी कुणीच का पुढे आलं नाही?

आता ते शिंगरू उंचापुरा घोडा झालंय. दुपारी ते माझ्या शेजारी उलट्या दिशेला तोंड करून उभं राहतं आणि त्याची शेपटी माझ्या तोंडावरच्या माशा उडवते. मी डोळे मिटून घेतो. त्याचा हेवा अजून वाटतो, तरी मी तिथून हलत नाही.

मित्रांनो, एखादं जनावर अधिक देखणं करावंसं तुम्हाला वाटलं, तर आधी थोडा वेळ त्याच्याजवळ उभे राहा. ते आपल्या शेपटीनं काय काय करतं, ते नीट बघा. आणि मग हात आवरा.