शिसवीची मापकाठी

शहराच्या छावणी भागात पुंजाराम सुताराच्या घरी देवांच्या फळीखाली एक खिळा होता आणि त्या खिळ्याला शिसवीची काठी टांगलेली असायची. दीड हात लांब, तीन खाचा पाडलेली. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडताना बापानं भांडीकुंडी तशीच टाकली, पण ही काठी धोतरात गुंडाळून आणली. पेरायच्या तिफणीचे तीन फण एकमेकांपासून किती अंतरावर बसवायचे, ते माप या खाचांत होतं. साऱ्या पंचक्रोशीच्या तिफणी त्याच मापाच्या. पीक वर आल्यावर दोन ओळींमधलं तण काढत फिरतं ते कोळपंही त्याच मापाला जुळणारं. "कुणब्याला तिफण द्यायची, माप द्यायचं नाय," असं बाप मरेपर्यंत बजावत होता.

पुंजारामनं ते पाळलं. पाळायला जड काही नव्हतंच. छावणीत त्याला तिफण कोण सांगणार होतं? तो आपला खुर्च्यांचे पाय बसवी आणि खाटांचे मोडके दांडे बदली. पण मोठ्या दुष्काळात खेड्यापाड्यांतले सुतार पोटामागं शहराकडं गेले. पुढं पाऊस परतला, सुतार काही परतले नाहीत. गावोगाव औतं मोडून पडली. तेव्हा एका संस्थेनं ठरवलं की शेतकऱ्यालाच सुतारकी शिकवू, आणि पुंजारामला विचारलं. तो हो म्हणाला. मग उन्हाळाभर दर रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन तो एसटीनं गंगापूरच्या अलीकडच्या, बापाच्या त्याच पंचक्रोशीतल्या एका गावी जाऊ लागला.

देवळापुढच्या लिंबाखाली बाप्ये जमत. त्यांत एक बाई होती, बानाबाई. धनगराची, नवरा दुष्काळातच वारलेला. बाप्यांना हसू येई. पुंजारामलाही ती नकोच होती, आता हिला शिकवायचं म्हणजे पाटावर बसवून शिकवायचं का, असं त्याला वाटे. पण लाकूड तासायचा वाकस तिच्या हातात पहिल्याच दिवशी नीट बसला. मेंढरांसाठी बाभळी तोडण्यात जन्म गेलेला, लाकडाला ती बिचकणार कशाला?

तिची अडचण वेगळी होती. नवऱ्याच्या वाट्याचं रान पडीक होतं आणि धाकटा दीर सूर्यभान तिला सांगून मोकळा झाला होता, "वहिनी, यंदा तुमी पेरून बघा. पीक हाती आलं तर रान तुमचं. नाय आलं तर रान मी करीन, तुमी मेंढरामागं चला." सूर्यभान काही वाईट माणूस नव्हता. दुसऱ्याकडून तिफण मागून आणायची तर पेरणीजोगी ओल, वाफसा, निघून जायचा, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. म्हणून तर ती लिंबाखाली येऊन बसली होती.

तिफणीचा दिवस आला. बाभळीचा ओंडका तासून झाला, फणांची भोकं पाडायची वेळ आली. बानाबाईनं विचारलं, "मिस्तरी, किती अंतरावर पाडू?"

पुंजारामच्या डोळ्यांपुढं खिळ्याला लटकलेली काठी आली. सगळं दिलं, म्हणून हेही द्यायचं? मग सुताराकडं उरलं काय?

"एक वीत, चार बोटं," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. बापही बोलताना असंच बोलायचा. बाप्यांनी आपापल्या पंजानं मोजलं. पंजे सगळ्यांचे कमीजास्त सारखेच. बानाबाईनं आपली लहानखुरी वीत ओंडक्यावर ताणली, पुढं चार बोटं ठेवली आणि कोळशानं खूण केली. पुंजारामनं ते पाहिलं. पाहिलं आणि करवतीला धार लावायला बसला.

मृगात पेरण्या झाल्या. बानाबाईची बाजरी अशी उगवली की रस्त्यानं जाणारा थांबून बघे. पुढं तणही तेवढ्याच जोमानं आलं. एका रविवारी पिकं कशी आलीत ते बघायला पुंजाराम एसटीतून उतरतो तोच सूर्यभान समोर उभा. "या मिस्तरी, तुमची शिकवण बघायला चला."

रानात दोन ओळी आडव्या पडल्या होत्या. सूर्यभाननं बैल जुंपून आपलं कोळपं आत घातलं होतं. ते जुन्या मापाचं आणि ओळी अरुंद. त्याच्या लोखंडी पात्यानं, पासेनं, तणाबरोबर बाजरीही कापून काढली होती. बानाबाई बांधावर बसली होती, हातात उपटलेलं रोप धरून. रडत नव्हती. पुंजारामला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"खुरप्यानं येवढं रान निघायचं नाय," सूर्यभान म्हणाला. "आठवडाभरात तण बाजरीला गिळंल. मग ठरल्यापरमाणं करू."

"माझंच चुकलं असंल," बानाबाई म्हणाली. "मिस्तरींनी सांगितलं तसंच केलं व्हतं मी."

हे बोलणं पुंजारामच्या जिव्हारी लागलं. तिनं दोष दिला असता तर चार शब्द उलटे बोलता आले असते. "पुढच्या रविवारी येतो," एवढंच म्हणून तो निघाला, आणि ते वाक्य किती पोकळ आहे हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी त्यानं खिळ्यावरची काठी काढली. बायको चतुराबाई दारात आडवी आली. "मामंजींनी काय सांगितलं व्हतं?"

"सांगितलेलं पाळलं, म्हणून तर ही येळ आली," तो म्हणाला आणि बाहेर पडला. काठी देऊन आता उपयोग नव्हता, पेरा झाला होता. पण न देता त्या बाईपुढं उभं राहायची त्याची हिंमत नव्हती.

रानाजवळ आला आणि थबकला. बैल चालत होते. मागं कोळपं होतं, अरुंद, नवं, बाभळीचं. त्याची मूठ, रुमणं, सूर्यभानच्या हातात होतं आणि बानाबाई शेजारच्या ओळीतून वाकून बघत चालली होती. तण उलटून पडत होतं, बाजरी उभी होती.

"मोडक्या वखराची पास लोहाराकडून तोडून घेतली, मिस्तरी," ती म्हणाली. "लाकूड मी केलं. ज्या हातानं तिफण मोजली त्याच हातानं ह्येबी मोजलं."

पुंजारामला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. त्यानं काठी पुढं केली. "ह्ये खरं माप. मला तवाच द्यायला पाहिजे व्हतं. दिलं नाय."

बानाबाईनं काठी घेतली, उलटीपालटी केली, आपल्या ओळींवर आडवी धरली. लांब पडली. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "मिस्तरी, तुमचा हात ठेवा बरं हिच्यावर."

त्यानं पहिल्या खाचेपासून वीत ताणली. पुढं चार बोटं ठेवली. शेवटचं बोट बरोबर दुसऱ्या खाचेवर आलं.

"ह्ये तर तुमच्याच हाताचं माप हाय की!"

"माझ्या न्हवं. काठी आज्यानं केलेली."

"मग आजा तुमच्यावानीच आडमाप असंल," ती म्हणाली आणि हसली.

पुंजाराम बघतच राहिला. ज्या खाचांना आयुष्यभर हळदकुंकू लावलं, तो एका सुताराचा पंजा होता. एवढं जपण्यासारखं त्यात काय होतं? त्यालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

सूर्यभान बैल थांबवून जवळ आला. जरा चुळबुळला. "वहिनी, माझ्या तिफणीचं लाकूड चिरलंय. रब्बीच्या आधी करून द्याल का?"

मेंढरांचं नाव त्यानं काढलं नाही.

बानाबाईनं त्याच्या जुन्या कोळप्याकडं पाहिलं, हातातल्या काठीकडं पाहिलं. "भाऊजी, तुमचं कोळपं जुन्या मापाचं हाय, तवा तिफणबी त्याच मापाची लागंल. मिस्तरी, काठी ठिवून जाता?"

संध्याकाळी पुंजाराम घरी आला. चतुराबाईनं त्याच्या पिशवीत पाहिलं, मग रिकाम्या खिळ्याकडं.

"काठी कुठंय?"

"कामावर गेली," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला वळला.