शांतता कापणारं बटण

माझी सून लोकांना श्वास घ्यायला शिकवते. हे पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं तेव्हा ती फिस्सकन हसली, आणि खरं सांगते, मलाही हसू आवरेना. जे काम जन्मल्यापासून फुकटात, अगदी झोपेतसुद्धा चालतं, त्याची शिकवणी लावायची! पण सूनबाईंचं बस्तान छान बसलं होतं. सायकलच्या दुकानावरची लांबट खोली भाड्याने घेतलेली, कोपऱ्यात चटयांच्या गुंडाळ्या, आणि फोनवर लाखाच्या वर माणसं तिला फॉलो करणारी. चहाआधी ती व्हिडिओ टाकायची आणि चहाबरोबर तो किती जणांनी पाहिला ते बघत बसायची. चिरंजीव जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि तिसरा तो फोन.

एकदा ती डबा विसरली म्हणून मी खोलीवर गेले. त्याच दिवशी एक नवी बाई आली होती. शहरातली बस चालवायची. ड्युटी संपवून गणवेशातच आलेली.

"वर्षभर तुमचे व्हिडिओ बघून रोज करते, मॅडम," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा समोर बसून करावं."

वर्ग सुरू झाला. बाकीच्या बायका निवांत, आणि या ड्रायव्हरबाई नुसत्या भात्यासारख्या. थोड्या वेळात त्यांचा चेहरा पांढरा पडला, बोटांना मुंग्या आल्या. सुनेने त्यांना आडवं केलं, पाणी दिलं.

"अहो ताई, मधे थांबत का नाही तुम्ही?"

"मधे म्हणजे?"

"श्वास आत घेतला की जरा थांबायचं. मग सोडायचा. सोडला की परत थांबायचं."

"पण तुम्ही कुठे थांबता? मी तर तुमच्याबरोबरच करते!" त्यांनी फोन काढून दाखवला. त्यात माझी सून प्रसन्न चेहऱ्याने म्हणत होती, घ्या, सोडा, घ्या, सोडा. मधे उसंत म्हणून नाही.

सून चटईवर मटकन बसली.

झालं होतं असं की व्हिडिओ कापायच्या ॲपमध्ये एक बटण असतं. ते दाबून ठेवलं की जिथे कुणी बोलत नाही तेवढा भाग ॲप आपला आपण कापून टाकतं. शांतता आली की बघणारे पुढे सरकतात, म्हणून हिने ते कधीतरी दाबलं आणि विसरून गेली. केलेला व्हिडिओ पुन्हा बघायला वेळ कुणाला होता? दुसरा करायचा असायचा ना! आणि हिचं सगळं शिकवणं म्हणजे तर तो मधला थांबाच, पण व्हिडिओत ती तिथे 'थांबा' न म्हणता नुसती गप्प राहायची.

"आई," संध्याकाळी ती म्हणाली, "मी लाखभर लोकांना धाप लागायला शिकवलं."

"मग बंद कर की ते बटण. एवढं काय त्यात?"

तिने बंद केलं. शांततेसकट व्हिडिओ टाकला. लोक कुठे निघून जातात हे फोन रेघ काढून दाखवतो म्हणे. तिने मला ती रेघ दाखवली. ही बोलत होती तोवर रेघ सरळ, आणि ही थांबली तिथे रेघ धाडकन खाली.

"बघा. मी गप्प बसले की माणसं जातात. इथे राहायचं तर बोलतच राहावं लागेल."

मग तिने शेवटचा व्हिडिओ केला. चूक कशी झाली ते सरळ सांगितलं, असा श्वास घेऊ नका म्हणाली, आणि तो सगळ्यांपर्यंत पोचेल इतके दिवस ठेवून खातं बंद केलं. मी खूप भांडले. नवी माणसं त्या फोनमधूनच यायची. "हातातोंडाशी आलेला घास घालवतेस," म्हटलं. तिलाही ठाऊक होतं. वर्ग चालला नाही तर खोली सोडून पुन्हा त्या कॉल सेंटरमध्ये जायचं, जिथे छाती धडधडायला लागली की ती जिन्यात जाऊन बसायची. तिथून सुटायलाच तर ती श्वास शिकली होती. हे आठवलं आणि मी भांडणं सोडून दिलं.

खोली हळूहळू रिकामी होत गेली. कुणी सांगून गेलं, कुणी न सांगता. ड्रायव्हरबाई तेवढ्या येत राहिल्या. चटया कमी अंथरलेल्या दिसू नयेत म्हणून मीही एका चटईवर बसायला लागले, गुडघे कुरकुरत.

एक दिवस ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या डेपोत या ना. दोन फेऱ्यांच्या मधे आम्ही सगळे बसूनच असतो."

डेपोच्या साहेबांनी होकार दिला, तोही तोंड वाकडं करून. "एकदा करून बघा. माणसं उठून गेली तर परत विषय काढायचा नाही. जमलं तर रोजचं ठरवू."

मी बरोबर गेले. विश्रांतीची खोली म्हणजे लांबलचक बाकडी, भिंतीवर फेऱ्यांचा फळा, डिझेलचा वास, आणि खिडकीबाहेर गुरगुरणाऱ्या बस. कुणी संत्रं सोलतंय, कुणी पेपर वाचतंय. एक मिशीवाले म्हणाले, "दिवसभर बसून पाठीचा भुगा झाला, आता बसून श्वास पण घ्यायचा का?" सगळे हसले. एरवी मीही हसले असते, पण तिथे माझी सून उभी होती, म्हणून मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"घ्या," सून म्हणाली. त्यांनी घेतला. "थांबा." कुणीतरी खोकलं. "सोडा." बाकडी करकरली. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. सुनेचा आवाज कापत होता, मला कळत होतं.

मग तिने बोलणंच सोडलं. नुसता हात हलवायला लागली. अगं बोल, म्हटलं मनात, गप्प बसलीस की जातात ना गं माणसं!

हात वर गेला, आणि सबंध खोली आत ओढली गेली. हात स्थिर राहिला, आणि खोली थांबली. कसं सांगू? रहदारीत आयुष्य घालवणारी ती आडदांड माणसं, मिटलेले डोळे, मांडीवर उताणे पंजे, आणि एकाचीही छाती हलत नव्हती. बाहेर इंजिनं चालू होती, तरी मला आतली शांतता ऐकू येत होती. इतकी माणसं एका जागी इतकी गप्प मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. अंगावर सरसरून काटा आला. देवासमोरही माझं मन असं कधी उभं राहिलं नव्हतं.

तेवढ्यात भोंग्यावर फेरीचा पुकारा झाला. मिशीवाल्यांची बस. आता हे उठणार, मागोमाग सगळे उठणार, आणि संपलं, असं वाटून मी पदर मुठीत आवळला. मिशीवाल्यांनी डोळे उघडले. सुनेच्या हाताकडे पाहिलं. हात अजून वरच होता. ते बसून राहिले. हात खाली आला तसा त्यांनी सावकाश श्वास सोडला, खाली गेल्यावरचा थांबाही पुरता घेतला, आणि मगच टोपी उचलून, पावलांचा आवाज न करता निघाले. बाकी एकही माणूस हलला नाही.

दाराशी साहेब उभे होते. मिशीवाल्यांना उशीर झाला म्हणून ओरडायलाच आले असणार. पण त्यांनी अंग चोरून वाट दिली, माझ्याकडे वाकले आणि दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, उद्या किती वाजता येतील मॅडम?"

मला उत्तर देता येईना. माझा श्वास अजून आतच होता.