उभी रेघ

कामिनीच्या नावाच्या पानावर लाल पट्टी लागली होती. 'या खात्याची चौकशी सुरू आहे. खालची पाचही खाती एकच माणूस चालवतो असा संशय आहे.' खाली आमच्या ग्रुपच्या पाचही पोरांची नावं. संध्याकाळपर्यंत खुलासा नाही आला तर पाचही बंद, आणि पानावर कायमचा शिक्का: बनावट खातं.

माझं डोकंच सटकलं.

आमचा ग्रुप म्हणजे एरंडोलच्या वाचनालयातली मागची खोली, दोन कॉम्प्युटर आणि दर रविवारी येणारी कॉलेजची पोरं. नेटवर जो मराठी ज्ञानकोश आहे, कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा असा, त्यात लिहायचं कसं ते मी त्यांना शिकवते. मी स्वतः नववीत शाळा सोडली. एका बाकावर बसवतच नव्हतं. पण दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते, आणि कोशाला तसलंच माणूस लागतं. नीलेश बी.ए.ला आहे, तो मला 'आठवी पास मास्तरीन' म्हणतो. एकदा माउस फेकून मारला त्याला, तरी म्हणतो.

कामिनी अकरावीची, भडगावहून येते. तिनं 'धाब्याचं घर' म्हणून लेख लिहिला, आपल्याकडची ती मातीच्या सपाट छताची घरं असतात ना, त्यांच्यावर. योगराज नावाचा एक प्रचालक आहे, म्हणजे कोशाचा रखवालदारच, धुळ्याचा. त्यानं लेखावर पाटी लावली की संदर्भ कमी आहेत, ठेवायचा का काढायचा ते चर्चा करून ठरवा. कामिनीनं जुनं गॅझेटियर धुंडाळून संदर्भ टाकले. मग चर्चेत आमच्या पाचही जणांचं 'लेख ठेवा' येऊन पडलं. मला वाटलं, वा, पोरांनी एकी दाखवली.

आता त्याच एकीची लाल पट्टी झाली होती.

बाकीच्यांनी खात्याला काहीबाही नावं घेतलीत. कामिनीनं आपलं पूर्ण नाव घातलंय, वडिलांच्या नावासकट. कारण तिच्या वडिलांनी, तोतारामआबांनी, तिला इथं पाठवलंच त्या अटीवर, पोरीचं नाव नेटवर दिसलं पाहिजे. आबा रोज फोनवर तिचं नाव टाकतात आणि भडगावच्या टपरीवर चार माणसांना दाखवतात. दर रविवारी संध्याकाळी मोटरसायकल घेऊन तिला घ्यायलाही तेच येतात. त्यांनी तो शिक्का पाहिला, की कामिनीचं इथं येणं संपलं.

ती हळूच बोलली, "ताई, आबा आज लवकर येणार आहेत."

मी चर्चेच्या पानावर धडाधड लिहिलं, धुळ्यात बसून आमच्या पोरांना खोटं ठरवू नका, पाच नावं म्हणजे पाच माणसं, या आणि मोजून जा. नीलेश मागून बोलला की शाब्बास, आता 'बे' पण लाव शेवटी. मी लावलं नाही, पण हात शिवशिवत होते.

योगराजचं उत्तर आलं, आणि मी तयारी केली होती तसं ते नव्हतंच. रागावू नका, असं होतं. सगळी मतं एकाच नेटवरून, एकापाठोपाठ आली म्हणून विचारलं. वाचनालयाचं नेट एकच असणार, हे पटतं. पुढे लिहिलं होतं, 'प्रत्येकानं आपलं मत स्वतः लिहिलं असा तुम्ही शब्द देत असाल, तर मी चौकशी इथंच थांबवतो.'

बाहेर मोटरसायकल थांबली. खिडकीतून पाहिलं तर आबाच. समोरच्या टपरीवर चहा सांगून बाकड्यावर टेकले.

मी 'हो, शब्द देते' लिहायला घेतलं. लिहिण्याआधी सवयीनं ती पाचही मतं पुन्हा वाचली.

लेख ठेवा । लेख ठेवा । लेख ठेवा ।

पाचही मतांच्या शेवटी उभी रेघ. मराठीत आपण टिंब देतो, उभी रेघ हिंदीवाले मारतात. आमच्यात एकाच्याच फोनवर हिंदी कीबोर्ड आहे, आणि त्यावरून मी त्याला दर रविवारी शिव्या घालते.

मी खुर्ची फिरवली. "नीलेश, ही पाचही तू लिहिली."

तो हसायला गेला, पण माझं तोंड पाहून थांबला. "बठ्ठासले इचारीसनच टाकं मी. फोन लावी लावी इचारं. मनात काय पाप नही शे." म्हणजे सगळ्यांना फोन करून, विचारूनच टाकलं म्हणे.

"माझ्या वतीनं कोणाला विचारलं?" कामिनीनं विचारलं.

तो बोलला की तुझाच लेख होता, तू काय नाही म्हणणार होती का. ग्रामसभेत मायचा हात पण मीच वर करतो, तिला कुठं वेळ असतो.

"आणि खाती कशी उघडली?" मी ओरडली. ओरडता ओरडताच उत्तर कळलं. पासवर्ड कोणी विसरू नये म्हणून पाचही खात्यांना एकच मीच दिला होता, 'पद्मालय'.

"पण माणसं तर पाच शेतच ना," नीलेश बोलला. "दे ना शब्द. तो थांबवतोय म्हणतो ना?"

बाहेर आबांनी खिशातून चष्मा काढला. मग फोन.

एक अक्षर होतं फक्त. 'हो' लिहिलं की लाल पट्टी जाणार, नीलेश वाचणार, ग्रुप वाचणार, कामिनी पुढच्या रविवारी येणार. माझं बोट एंटरवर होतं.

"कामिनी, तुला चार दिवसांपासून तुझ्या नावावरचं ते मत दिसत होतं ना? बोलली का नाही?"

ती खाली बघत बोलली, "मला वाटलं, तुम्हीच लिहिलं. पासवर्ड तर तुम्हालाच माहीत होता."

माझ्या कानशिलात कोणी मारली असती तरी चाललं असतं.

"ते माझं नाही, ताई," ती बोलली. "माझ्या नावावर ते नका ठेवू."

मी 'हो' खोडलं. लिहिलं की पाच माणसं खरी आहेत, पण मतं एकाच हातची आहेत. तो हात नीलेशचा आणि चावी माझी. पासवर्ड सगळ्यांना एकच मी दिला. कामिनीला काही माहीत नव्हतं. मतं काढून टाका, तिचे संदर्भ तेवढे वाचा. आधीचं फाडफाड बोलणं माझं, तेही मागे घेते. एंटर मारलं. नीलेश बॅग उचलून दाराशी गेला, पण गेला नाही, तिथंच उभा राहिला.

योगराजनं फार लिहिलं नाही. पाचही मतांवर काट मारली. नीलेशचं खातं बंद केलं. ग्रुपच्या पानावरून मार्गदर्शक म्हणून माझं नाव काढलं आणि लिहिलं की बाकी चौघांनी आत्ताच पासवर्ड बदलावा, मग पट्टी काढतो.

तेवढ्यात आबा आत आले. फोन पुढे धरलेला, त्यावर लाल पट्टी तशीच.

"हाई कायनी चौकशी शे?"

कामिनी उठली. मी तिला बसवलं आणि आबांना सगळं सांगितलं. रेघ, पासवर्ड, कोणाचा हात, कोणाची चूक. मला वाटलं पोरीचा हात धरून नेतील. त्यांनी नीलेशकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुम्ही माझ्या पोरीच्या घराची किल्ली गावभर वाटली."

"हो," मी बोलली.

"आणि हिनं?"

"हिनंच सांगितलं, खरं लिहा."

आबांनी फोन खिशात घातला आणि कामिनीला एवढंच म्हणाले, "कुलूप बदल आधी."

लेख राहतो का जातो, ते अजून ठरायचंच आहे. कामिनीनं कीबोर्ड ओढला, डावा हात वर आडवा धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, तिकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड केलं. बाजूला आबाही भिंतीकडे तोंड करून उभे होते.