‘फसलं’ हा रकाना तिचा

“काका, ‘जमलं’ झकास आहे. ‘फसलं’ कुठंय?”

संपादकबाईंनी माझा कागद उलटा करून पाहिला. मी तिला संपादकबाई म्हणतो. वयानं माझ्या लेकीएवढी आहे, पण साप्ताहिक तीच चालवते. मी तिथला मुद्रितशोधक. उभा जन्म इतरांच्या चुका काढण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावरही मला कुणी घरी जा म्हटलं नाही.

“आहे की खाली. चार ओळी,” मी म्हटलं.

तिनं मोठ्यानं वाचलं. “‘भागाची गती काहीशी संथ वाटते. उत्तरार्ध अधिक आटोपशीर हवा होता.’ काका, खरं सांगू? राग नका मानू. हे कुणीही लिहील. भाग न बघतासुद्धा लिहील.”

न बघताच तर लिहिलं जायचं, बाई, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

“लोक ‘फसलं’ वाचायला अंक घेतात हो. काकू गेल्या, सात महिने रकाना बंद राहिला, कुणी चकार शब्द काढला नाही. पण ‘कानोसा’ मालिका दहा वर्षांनी परत येतेय आणि आपल्याकडे ‘फसलं’ नाही, हे कसं दिसेल? पान पाच वाजता छपाईला जातं. तोवर जमलं तर द्या. नाही जमलं तर रकाना थांबवू या आता. अर्धा चालवण्यात अर्थ नाही.”

ती प्रेमानंच बोलत होती, म्हणून जास्त लागलं. घड्याळात साडेबारा झाले होते. मी पिशवी उचलली आणि घरी निघालो.

रकान्याचं नाव ‘जमलं-फसलं’. दर आठवड्याला एका मालिकेचा एक भाग घ्यायचा. डावीकडे काय जमलं, उजवीकडे काय फसलं. खाली माझं नाव. चौदा वर्षं वाचकांचा समज होता की हा गृहस्थ मोठा तिखट असणार, याच्या तावडीतून कुणी सुटत नाही. कसला तिखट! मला सगळंच आवडतं. मालिकेत दिवे गेले तरी मला वाटतं, दिग्दर्शकाच्या मनात काहीतरी थोर असणार. ‘फसलं’ माझं कधीच नव्हतं. ते बायकोचं होतं.

त्याची सुरुवात ‘कानोसा’नंच झाली. ही काही गोडगोड मालिका नव्हती. तिच्या नायकाला शहरातलं सगळं ऐकू यायचं. सात गल्ल्यांपलीकडे कुणी हुंदका दाबला तरी ऐकू जायचा. काळा मुखवटा बांधून तो बाहेर पडायचा, पण एका वेळी एकाकडेच पोहोचणार ना! बाकीच्यांचं ओरडणं नुसतं ऐकत राहायचं. दर भागात कुणीतरी मरायचं आणि त्याला ते वाचवता यायचं नाही. अंधार तर इतका, की आमच्या जुन्या टीव्हीत निम्मा वेळ मला माझंच तोंड दिसायचं.

पहिल्याच भागात रक्त उडालं तशी ही उठली. “बाई गं! हे नाही मला बघवत.” मला वाटलं आत जाईल. पण हिनं आपली खुर्ची उलटी फिरवली, टीव्हीकडे पाठ करून बसली आणि मटार सोलायला घेतले. “चालू द्या तुमचं. मी ऐकते.”

ऐकणं हे तिचं कामच होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती तिनं. ‘हॅलो’च्या आधीच्या श्वासावरून पलीकडचा माणूस चांगली बातमी देणार की वाईट, हे तिला कळायचं. घरात मला थाप मारायची सोयच नव्हती.

भाग संपला. मी भारावून गेलो होतो. ती म्हणाली, “अहो, खुनी अनवाणी आला म्हणालात ना?”

“हो तर! बूट खालीच, जिन्याच्या पायथ्याशी काढून ठेवतो. काय घेतलंय ते, वा!”

“मग जिन्यात बुटांच्या टाचा कुणाच्या वाजत होत्या?”

मी ते तसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि वर ‘फसलं’ लिहिलं. त्या आठवड्यात अकरा पत्रं आली, सगळी टाचांबद्दल. माझ्या ‘जमलं’बद्दल एकही नाही.

तेव्हापासून आमचा रविवार ठरून गेला. दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की पुनःप्रक्षेपण. माझं तोंड टीव्हीकडे, तिचं बाजूच्या भिंतीकडल्या कपाटाकडे. मांडीवर वही. डावं पान माझं, उजवं तिचं. ती सांगायची, मी लिहायचो. “लिहा. नायकाची बायको रडते ते खोटं. खरं रडणारं माणूस आधी नाक ओढतं.” “लिहा. हॉस्पिटलमध्ये एवढी शांतता? एकसुद्धा स्टीलचा ट्रे पडत नाही कुठे?” आणि मी एखाद्या प्रसंगाला हळवा झालो, की मागे न वळता म्हणायची, “डोळे पुसा आधी, आणि ते ‘जमलं’मध्ये घाला.” मला वाटायचं, काय कान आहेत हिचे, डोळ्यांतलं पाणीसुद्धा ऐकू येतं!

एकदाच ती तोंडावर आपटली. “लिहा. तीन भाग झाले, मागे तोच कुत्रा भुंकतोय. एकच आवाज तीनदा वापरलाय, कंजूष कुठले!” मी लिहिलं, ते छापूनही आलं. पुढच्या आठवड्यात एका वाचकानं कळवलं, की तिन्ही भाग पुन्हा पाहिले, कुत्रा कुठेच नाही. कुत्रा आमच्या समोरच्या घरातला होता. रविवारी दुपारी त्याला जेवायला उशीर व्हायचा, म्हणून भुंकायचा. आम्ही दिलगिरी छापली, आणि ती आठवडाभर भांडी घासता घासता एकटीच हसत होती. मालकिणीला मात्र सांगून आली, “त्याला जरा वेळेवर घालत जा हो, आमची अब्रू गेली.”

आणि एकदाच तिनं काहीतरी मागितलं. चौथं वर्ष असेल रकान्याचं. अंक चाळता चाळता म्हणाली, “माझं नाव बसेल का हो यात कुठे? बारीक अक्षरात?”

हसत हसतच म्हणाली होती. मीही वर न बघता म्हटलं, “अगं, जागा कुठे असते? ओळ वाढली तर अख्खं पान हलतं.”

मुद्रितशोधकानंच सांगितल्यावर ती काय बोलणार! तिनं मान डोलावली. “तेही खरंच. आणि मी तर मालिका बघितलेलीसुद्धा नाही,” असं तिनंच म्हणून टाकलं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, काय धारदार लिहिता हो! मी म्हणायचो, चालायचंच. आता लाज वाटते, पण तेव्हा मला ते फार आवडायचं.

घरी पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. नव्या ‘कानोसा’चा पहिला भाग वाहिनीनं पेनड्राइव्हवर आधीच पाठवला होता. आदल्या दिवशी मी तो नेहमीसारखा बघितला होता आणि नेहमीसारखा भारावून गेलो होतो. नायक म्हातारा झालाय. मुखवट्याची मागची गाठ आता त्याला एकट्याला सुटत नाही. पूर्वी बायको सोडायची, ती आता नाही. हे मी ‘जमलं’मध्ये लिहिलं होतंच. खलनायक दुष्ट का झाला याची रडकथा सांगत बसले नाहीत, तेही लिहिलं होतं. आणि शेवटी, ‘अंधार हेच या भागाचं खरं पात्र आहे,’ हे माझं लाडकं वाक्य.

फसलेलं मात्र काही सापडत नव्हतं. पुन्हा लावून बघितला. काही नाही. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात लक्ष तिच्या खुर्चीकडे गेलं.

ती अजून तशीच होती, टीव्हीकडे पाठ केलेली. सात महिन्यांत मी ती वळवली नव्हती आणि तिच्यात बसलोही नव्हतो. झाडू मारतानासुद्धा बाजूनं मारायचो. म्हटलं, बसून तर बघू. बसलो. पाठीमागे भाग सुरू केला.

समोर कपाटाची काच होती. काचेत टीव्ही दिसत नव्हता. दिसत होती फक्त माझी खुर्ची. जराशी तिरकी, पण अख्खी, खिडकीच्या उजेडात. मी तिथे बसलेलो असतो तर माझा चेहरा स्पष्ट दिसला असता. मग मला कळलं. डोळ्यांतलं पाणी तिला ऐकू येत नव्हतं. चौदा वर्षं ती मालिका ऐकत होती आणि बघत होती मला. मला कधी सांगितलं नाही लबाडीनं! आणि मी म्हणत होतो, हिचे कान किती तयार. मला रडू आलं, आणि त्या रिकाम्या घरात ते पुसायला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी ते वाहू दिलं.

मग ऐकायला लागलो. डोळ्यांसमोर चित्र नसलं की आवाज किती उघडे पडतात! नायक घरी येतो. बायको जाऊन वर्ष झालेलं. किल्ली फिरते, दार उघडतं. आणि मला ते ऐकू आलं. खरं म्हणजे जे यायला हवं होतं, ते आलं नाही. मी वही उघडली. डावं पान कोरं ठेवलं आणि उजव्या पानावर एका दमात लिहिलं:

‘नायक रिकाम्या घराचं दार उघडतो आणि व्हायोलिन सुरू होतं. दोन मिनिटं वाजत राहतं. ज्याला सात गल्ल्यांपलीकडचा हुंदका ऐकू जातो, त्याला स्वतःच्या घरात काय ऐकू येतं हे आपल्याला कळूच दिलेलं नाही. बायको गेलेल्या घरात व्हायोलिन वाजत नाही. फ्रीज वाजतो. तो पूर्वीही वाजत असणार, पण ऐकू यायचा नाही. टेबलावर किल्ली ठेवली की वाजते, आणि आतून “आलात का?” येत नाही. तरी माणूस क्षणभर थांबतो, “आलो” म्हणायला. आपला नायक थांबला नाही. तरातरा आत गेला. एवढी वर्षं सगळ्या शहराचं ऐकलं यानं, घरातलं कधी ऐकलंच नव्हतं की काय? भाग इथे फसला.’

वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य सोडून बाकीचं त्याच्याबद्दल आहे की माझ्याबद्दल, ते मलाच कळेना. पण खोडलं नाही.

कचेरीत पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. संपादकबाईंनी कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

“हे,” ती म्हणाली, “हे तुमचं ‘फसलं’.”

“माझं नाही. माझं कधीच नव्हतं. पहिल्या टाचांपासून सगळं तुझ्या काकूचं होतं. ती सांगायची, मी लिहायचो. आज मी फक्त तिच्या खुर्चीत बसलो.”

तिनं कागद खाली ठेवला. “म्हणजे चौदा वर्षं काकू सगळ्या मालिका बघत होत्या?”

“एकही नाही बघितली तिनं.”

तिला काही समजलं नसावं, पण तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “मग आता?”

“तिचं नाव घालायचं. उजवीकडे खाली. ‘फसलं : पहिल्यापासून’ असं लिहून तिचं नाव. बारीक अक्षरात नको, माझ्याएवढ्याच.”

तिनं पान पडद्यावर उघडलं आणि नवं ‘फसलं’ त्यात बसवलं. रकाना वरपासून खालपर्यंत गच्च भरला होता. “जागा नाही हो काका. एक ओळ वाढली तर खालची जाहिरात हलेल. तुमच्या ‘जमलं’मधलं काहीतरी काढावं लागेल. त्या गाठीला मात्र हात लावू देणार नाही मी.”

“सरक,” मी म्हटलं आणि तिच्या खुर्चीत बसलो. ‘अंधार हेच या भागाचं खरं पात्र आहे.’ पुसून टाकलं. भागाचं काही बिघडलं नाही, अंधाराचं तर नाहीच. डावा भाग जरा अरुंद केला, तशी उजवीकडे एक ओळ मोकळी झाली. तिथे तिचं नाव टाइप केलं. पूर्ण नाव. नीट बसलं, वर दोन अक्षरांची जागा उरली.

मिनिटभराचंही काम नव्हतं ते. आणि असलं एक वाक्य माझ्या ‘जमलं’मध्ये दर आठवड्याला असायचं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रूफ हातात आलं. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तिच्या नावावरून एकेक अक्षर करत गेलो. चूक नव्हती. संपादकबाई दारात उभी होती, छपाईवाला खालून हाका मारत होता. मी म्हटलं, “थांबा जरा,” आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.